आमच्या पोरींनी काय शिकायचं, हे ठरवतं कोण?



गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाच्या 'महाविद्यालय विकास समिती'वर मला घेतलं. मी सोमाटण्याची, महिला मंडळाचं आणि बचत गटाचं काम करणारी बाई. समितीत समाजसेवेच्या क्षेत्रातलं कोणीतरी स्थानिक लागतं, शिवाय यादीत एखाद्या बाईचं नाव असलेलं बरं दिसतं, या हिशेबाने माझी निवड झाली असणार हे मला कळत होतं. तरी मी गेले. निदान आत काय चालतं ते तरी बघावं, म्हणून गेले.

दुसऱ्याच बैठकीत विषयपत्रिकेवर सातवा विषय होता : 'पुढील शैक्षणिक वर्षापासून नवीन अभ्यासक्रम सुरू करणेबाबत.' मी सावरून बसले. माझ्या पिशवीत एक वही होती. ती काढेपर्यंत प्राचार्यांनी दोन ओळी वाचल्या. संगणक आणि व्यवस्थापनाचा एक पदवी अभ्यासक्रम, कायम विनाअनुदानित. 'आणि मुलींसाठी खास' म्हणून ब्यूटी पार्लर आणि फॅशन डिझायनिंगचे दोन प्रमाणपत्र अभ्यासक्रम. अध्यक्ष म्हणाले, "कुणाचं काही?" कुणाचं काही नव्हतं. चहा आला.

मी म्हटलं, "साहेब, मुलींना विचारलं का, त्यांना काय शिकायचंय?"

अध्यक्ष हसले. रागावले नाहीत, हे मुद्दाम सांगते. मोठ्या मायेने म्हणाले, "ताई, मुलींसाठीच तर चाललंय हे सगळं. तुमचं काही असेल तर पुढच्या वर्षी बघू. यंदाची मुदत संपत आलीय."

पुढचं वर्ष आलं आणि गेलं. मुदत तेव्हाही संपतच आली होती. म्हणून हा लेख.

वहीत काय होतं?

सोमाटणे फाट्यावर सकाळी सहा-साडेसहाला उभं राहून बघा. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागलेली असते. कुणी तळेगावच्या एमआयडीसीकडे, कुणी उर्सेकडे, कुणी चाकणला. त्यांत आमच्या पोरी असतात. बारावी झालेल्या, बी.ए. झालेल्या, काही तर एम.कॉम. झालेल्या. ठेकेदाराकडे कामाला. काही बाया टेम्पोत बसून पॉलिहाऊसवर जातात. मावळचा गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातो, त्याचं कौतुक दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येतं. तो गुलाब कापणाऱ्या, दांडीची लांबी बघून प्रतवारी लावणाऱ्या, गड्ड्या बांधणाऱ्या या बाया.

आमच्या मंडळातल्या आम्ही चौघीजणी वही घेऊन सोमाटण्यात घरोघर गेलो, शेजारच्या वाड्यांवर गेलो. एकच प्रश्न विचारला : "जवळच्या कॉलेजात नवीन काही सुरू होणार असेल, तर काय व्हावं?"

पहिली दोन-चार घरं आयाच बोलल्या. "काय बाई, पोरीला सोसेल असं काहीतरी, लवकर घरी येता येईल असं." मग मुली बोलायला लागल्या. आमच्या आळीतली एक पोर, मला मावशी म्हणते, ती म्हणाली, "मावशी, आम्हाला पॅकिंगला घेतात. मशीनवर पोरं. का, तर त्यांनी आयटीआय केलेलं असतं. मग मशीनवर जायला जे लागतं तेच इथं शिकवा ना. पार्लर माझ्या आत्याचं आहे, ते मला शिकायचं असतं तर मी फुकटात शिकले असते."

दुसरी पॉलिहाऊसवर जाणारी. म्हणाली, "फवारणी झाली की किती वेळाने आत जायचं, हे सुपरवायझर सांगतो. मला ते औषधाच्या डब्यावरचं स्वतः वाचून कळायला पाहिजे. खतपाण्याचं, फुलाच्या भावाचं, माल बाहेर पाठवायच्या कागदांचं शिकवलं, तर मी माझ्या बापाच्या वीस गुंठ्यांत स्वतःचं पॉलिहाऊस घालीन."

तिसरीने कामगार कायद्याचं विचारलं. ठेकेदार दर काही महिन्यांनी नाव बदलून पुन्हा कामावर घेतो, हे बरोबर की चूक, एवढं तरी कळावं म्हणून. चौथीला मानसशास्त्र हवं होतं. पाचवी म्हणाली, "काहीही सुरू करा, पण माझ्या पाळीच्या वेळेत बसेल असं करा. पहिली पाळी करून दुपारी तीनला मी मोकळी होते, तोवर कॉलेज सुटलेलं असतं."

यातल्या एकीनेही 'मुलींसाठी खास' काही मागितलं नव्हतं. वहीत पार्लरचं नाव आलं, पण ते मागणाऱ्या मुलीने हिशेब आणि बँकेच्या कर्जाचं शिक्षणही त्याच्याबरोबर मागितलं होतं. तिला दुकान टाकायचं होतं, भुवया कोरत बसायचं नव्हतं.

ही वही समितीपुढे वाचली गेली नाही. इतिवृत्तात लिहिलं गेलं : 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.'

मंजुरीचा जिना

त्यानंतर मी हट्टाने कायदा वाचला. आपण बायका कायदा म्हटलं की पोटगीचा, हुंड्याचा, छळाचा वाचतो. विद्यापीठाचा कायदा कोण वाचतं? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. याच्या आधी १९९४ चा कायदा होता. आपल्या पोरींच्या आयुष्याची किती गाठोडी या एका कायद्यात बांधलेली आहेत हे वाचल्यावर मी चाट पडले. तुम्हालाही थोडक्यात सांगते, कंटाळू नका.

सगळ्यात वरची गोष्ट आहे 'बृहत् आराखडा'. कलम १०७. विद्यापीठाने दर पाच वर्षांसाठी एक आराखडा करायचा. कुठल्या तालुक्यात काय नवीन लागेल ते त्यात मांडायचं. शिक्षणाच्या सोयींचं न्याय्य वाटप व्हावं, जिथे सोय नाही किंवा अपुरी आहे त्या भागांची गरज बघावी, असं कायद्यातच म्हटलंय. हा आराखडा विद्यापीठाचं अधिष्ठाता मंडळ तयार करतं, मग तो वरच्या मंडळांपुढे जातो आणि शेवटी राज्याच्या उच्च शिक्षण व विकास आयोगाची त्याला मान्यता लागते. त्या आयोगाचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. या पाच वर्षांच्या आराखड्यातून मग दरवर्षीचा वार्षिक आराखडा निघतो.

आराखड्यात जे बसत नाही त्या नव्या महाविद्यालयाच्या अर्जाचा विचारच होत नाही. नवा अभ्यासक्रम, नवा विषय, जादा तुकडी यांची बोलणीही या आराखड्याच्याच आधाराने चालतात.

त्याच्या खालची पायरी कलम १०९. ज्या वर्षी अभ्यासक्रम सुरू करायचा त्याच्या आदल्या वर्षीच, ठरलेल्या मुदतीत, संस्थेने कुलसचिवांकडे अर्ज करायचा. अधिष्ठाता मंडळ अर्जांची छाननी करतं. व्यवस्थापन परिषद शिफारस करते. मग प्रस्ताव मंत्रालयात जातो आणि शेवटची मंजुरी शासन देतं. त्या अभ्यासक्रमात नेमकं काय शिकवायचं, हे ठरवणारी मंडळी आणखी वेगळी. त्या त्या विषयाचं अभ्यास मंडळ मसुदा करतं, विद्याशाखेतून तो विद्या परिषदेकडे जातो आणि तिथे पक्का होतो.

आणि सगळ्यात खालची पायरी कलम ९७, म्हणजे आमची महाविद्यालय विकास समिती. वर्षातून निदान चारदा बसायचं. नवीन अभ्यासक्रमांबाबत संस्थेला शिफारस करायची, हे तिचं काम कायद्यातच लिहून ठेवलंय. समितीत संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव, प्राचार्य, एक विभागप्रमुख, निवडून आलेले तीन शिक्षक (त्यांत निदान एक बाई), एक शिक्षकेतर कर्मचारी, महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाचे समन्वयक, माझ्यासारखे चार स्थानिक लोक आणि विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष व सचिव, इतक्यांना जागा आहे. विद्यार्थ्यांच्या त्या दोन खुर्च्या मी गेले तेव्हापासून रिकाम्याच बघते आहे.

आता या जिन्याकडे खालून वर बघा. प्रत्येक पायरीवर कागद आहे, सही आहे, शिक्का आहे. शुल्काच्या चलनाची जागा आहे. खोल्यांचं क्षेत्रफळ, पुस्तकांची संख्या, जमिनीचा उतारा, ठेवीची पावती, सगळं मागतात. पण ज्या मुलीने तिथे शिकायचं, तिला विचारलं का, याला आम्ही केलेल्या प्रस्तावात एका ओळीचीही जागा नव्हती. ती कुठल्या गावाहून येणार, कशाने येणार, शेवटची गाडी किती वाजता, फी कोण भरणार, यातलं काहीही नव्हतं.

पुढे विद्यापीठाची चौकशी समिती आली. त्या दिवशी मुलींची खोली उघडली होती. एरवी तिला कुलूप असतं आणि किल्ली कार्यालयात असते. आत नवा आरसा, चादर घातलेला पलंग. समितीने आरशाची नोंद घेतली. शाल, नारळ झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप. मी किल्ली मागितली तेव्हा शिपाईदादा ओशाळून म्हणाले, "बाई, सामान खराब होतं हो."

'मागणीच नाही'

मी हा विषय काढला की एकच उत्तर ऐकायला मिळतं : "मागणी कुठाय? तुमचं ते मशीनचं, पॉलिहाऊसचं आम्ही सुरू केलं आणि मुली आल्याच नाहीत तर?"

प्रश्न खोटा नाही. संस्थेला पगार द्यायचे असतात, आणि रिकामा वर्ग कोणालाच परवडत नाही. पण मागणी मोजायची कशी, ते बघा. नव्या अभ्यासक्रमांना आता मंजुरी मिळते ती बहुतेक विनाअनुदानित तत्त्वावर. म्हणजे शिक्षकाचा पगार सरकार देणार नाही, तो फीमधून काढायचा. म्हणून ज्याची फी भरायला लोक तयार होतील तेच सुरू होतं. आणि फी भरायची वेळ आली की घरात काय होतं, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. पैसा एकाच्याच फीपुरता असेल, तर तो मुलाच्या संगणकाच्या पदवीला जातो. मुलीला सांगतात, "तू बी.ए. कर, नाहीतरी दोन वर्षांत लग्न करायचंय." मग तक्ते तयार होतात : संगणकाला मागणी, मुली बी.ए.ला. त्या तक्त्यांवरून पुढचा प्रस्ताव होतो. घरातली वागणूक आकडा होऊन विद्यापीठात जाते आणि तिथून 'धोरण' होऊन परत येते.

विनाअनुदानितमध्ये शिकवायला कोण असतं, तेही बघून ठेवा. तासिका तत्त्वावर, ठोक पगारावर, दर जूनला नव्याने नेमणुकीची वाट बघणाऱ्या शिक्षिका. त्यांना प्रसूतीची रजा मागायची भीती वाटते. म्हणजे ज्या अभ्यासक्रमाची फी मुलीला परवडत नाही, तोच अभ्यासक्रम बाईच्या कमी पगारावर चालतो. दोन्हीकडून खिसा बाईचाच.

कोणी म्हणेल, सरकारने मुलींची फी माफ केली की! केली, आणि त्याचं स्वागतच आहे. २०२४ पासून महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलीसाठी आहे. जी सोमाटण्यातून तिथवर पोचतच नाही, बस, वसतिगृह, घरची परवानगी यांतच जी अडकते, तिच्यासाठी गावाजवळ काय उघडायचं, हा प्रश्न माफीने सुटत नाही. तो आराखड्यातच सोडवावा लागतो.

ही जुनीच खोड आहे

मुलींनी काय शिकायचं हे दुसऱ्यांनी ठरवायचं, ही खोड आमच्या समितीपासून सुरू झालेली नाही. आपल्या पुणे जिल्ह्यातच तिचा मोठा इतिहास आहे.

१८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, तीच आजची हुजूरपागा. न्यायमूर्ती रानड्यांसारखी माणसं त्यामागे होती. तीन वर्षांत टिळकांच्या 'मराठा' पत्रातून तिच्या अभ्यासक्रमावर टीका सुरू झाली. मुलींना इंग्रजी, गणित हवं कशाला? आणि अकरा ते पाच शाळा भरवली तर घरकाम कोण करणार? वादाचा विषय बघा : शाळा असावी की नसावी एवढ्यावर तो थांबला नाही, तर शाळेत काय शिकवावं आणि किती वाजता शिकवावं यावर आला. शाळेचं दार उघडावंच लागलं, तर आतला अभ्यासक्रम तरी आपल्या हातात ठेवायचा!

बरं, विरोधकांचं सोडा. आपले हितचिंतक काय करत होते? अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये हिंगण्याला महिला विद्यापीठ काढलं. त्यांचे उपकार मी विसरत नाही. सरकारी मान्यतेची वाट न बघता त्यांनी हे केलं. एसएनडीटीला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९५१ मध्ये. तोवर मान्यता नसलेलं विद्यापीठ त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवून दाखवलं. मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यायचं धाडस त्यांनी केलं. पण बाईचं जीवनकार्य वेगळं म्हणून तिचा अभ्यासक्रम वेगळा, हे त्यांनीही धरून चालवलं, आणि गृहव्यवस्था, आरोग्य हे विषय सक्तीचे झाले. पुढे त्याच विद्यापीठातल्या बायांनी त्या चौकटीच्या पलीकडे जाऊन दाखवलं, हा त्या बायांचा पराक्रम.

आता एक उलटं उदाहरण. १८८२ मध्ये हंटर आयोग पुण्यात आला. शिक्षणाचं पुढचं धोरण ठरवणारा आयोग. त्याच्यापुढे पंडिता रमाबाई साक्षीला उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं, मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करा आणि बायांना डॉक्टरकी शिकवा, कारण आमच्या बाया पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत आणि मरतात. 'बायकांना शिकवा' अशी मोघम विनंती करून रमाबाई थांबल्या नाहीत. कुठलं शिक्षण, आणि कशासाठी, हे त्यांनी आयोगाला नाव घेऊन सांगितलं. धोरण कागदावर उतरायच्या आधी बाई त्या खोलीत हजर होती. मला वाटतं, आपल्याला शिकायचा धडा हाच आहे.

आणि आमच्या शेजारच्या तळेगावचं तर विसरूच नका. विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय तळेगावात होतं. सरकारी चौकटीबाहेरचं राष्ट्रीय शिक्षण देणारं. ते सरकारने १९१० मध्ये बंद पाडलं. त्याच काळात, १९०८ मध्ये, अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावला काच कारखाना निघाला. तिथे काच नुसती बनत नव्हती, काचेचं काम शिकवलंही जात होतं. तिथे तयार झालेली माणसं देशभरच्या काच कारखान्यांत गेली. स्टेशनाजवळच्या एका गावात, लोकांच्या पैशा-पैशातून, गावाला लागणारं तंत्रशिक्षण शंभरावर वर्षांपूर्वी उभं राहिलं. मग आज, एवढ्या कंपन्या दारात असताना, मशीनचं शिक्षण मागणाऱ्या आमच्या पोरीला 'पुढच्या वर्षी बघू' का?

आपणही थोडं आत बघू

आता थोडं कडू बोलते. हा विषय आपण चळवळीतल्या बायांनीही सोडून दिला.

एक काळ होता, आपण आतही शिरलो होतो. स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या समितीचा अहवाल १९७४ मध्ये आला आणि स्वतंत्र भारतातल्या बाईचं खरं चित्र पहिल्यांदा सरकारी कागदावर उतरलं. त्याच वर्षी एसएनडीटीत नीरा देसाईंच्या पुढाकाराने स्त्रियांविषयी संशोधन करणारं केंद्र सुरू झालं, देशातलं पहिलं. मथुरा बलात्कार प्रकरणाच्या निकालानंतर १९८० च्या सुमाराला देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८१ मध्ये मुंबईत एसएनडीटीतच स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने हा विषय उचलला आणि १९८७ मध्ये पुणे विद्यापीठातही स्त्री-अभ्यास केंद्र निघालं. पुढे शर्मिला रेगे यांच्यासारख्या शिक्षिकेने तिथे जातीचा प्रश्न, दलित बायांचं लेखन, खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्यांची भाषा यांना वर्गात मानाची जागा दिली. क्रम लक्षात घ्या : आधी अहवाल, मग मोर्चा, मग परिषद, मग अभ्यासक्रम. बाहेरून दार ठोठावलं म्हणून ते आतून उघडलं गेलं.

त्यानंतर आपण गाफील राहिलो. वाटलं, केंद्र झालं, आता प्राध्यापिका बघतील. पण केंद्रं चालतात योजनेच्या पैशावर. २०१७ मध्ये पंचवार्षिक योजनांचा काळ संपला तेव्हा देशभरच्या स्त्री-अभ्यास केंद्रांना आपलं पुढे काय होणार याची धास्ती पडली, तेव्हा कुठे आपल्याला जाग आली. आणि गावातलं महाविद्यालय तर आपल्या नकाशावरच नव्हतं. आपण तिथे आठ मार्चला व्याख्यान द्यायला जातो. टाळ्या, हार, पुष्पगुच्छ. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्या पोरीच्या पुढच्या पाच वर्षांचा ठराव होत असतो, त्याची आपल्याला गंधवार्ता नसते.

२०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. आनंद झाला. पण सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठात जाणाऱ्या प्रस्तावाला 'मुलींना विचारलं का?' हा प्रश्न विचारला जात नसेल, तर त्या नावाची लाज आपणच राखायला नको का?

मग करायचं काय?

मी भाबडी नाही. मुलींना विचारलं म्हणजे सगळं मिळेल असं म्हणत नाही. पैसा कुठून, शिकवणारा माणूस कुठून, हे प्रश्न राहणारच. पण विचारल्याशिवाय तर ते सुरूही होत नाहीत. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, नव्या अभ्यासक्रमाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत परिसरातल्या गावांतल्या मुलींशी झालेल्या बैठकीचं इतिवृत्त जोडलेलं असलं पाहिजे. बैठक गावात घ्यायची, कॉलेजच्या सभागृहात नाही. कॉलेजात ती येते जिला परवानगी मिळाली. जिला मिळाली नाही, तिचं ऐकायचंय.

दोन, प्रस्तावात लिहायचं : मुली कुठून येणार, कशाने येणार, तास किती वाजता सुटणार, फी किती, ती न भरू शकणाऱ्या मुलीची काय सोय. खोलीचं क्षेत्रफळ लिहिता, तसंच हेही लिहा.

तीन, 'मुलींसाठी खास' हा रकाना बंद करा. पार्लर शिकवायचं तर मुलामुलींना शिकवा, आणि मशीनही मुलामुलींना शिकवा.

चार, विकास समितीतल्या विद्यार्थ्यांच्या खुर्च्या भरा, आणि त्यातली एक मुलीला द्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर कौशल्याचे छोटे छोटे विषय महाविद्यालयांतच निवडले जाऊ लागलेत. म्हणजे या समितीच्या हातात आता पूर्वीपेक्षा जास्त आहे.

पाच, ज्या भागात मुली मागे राहिल्यात तिथल्या नव्या अभ्यासक्रमाला अनुदान द्या. 'कायम विनाअनुदानित' या दोन शब्दांनी किती मुलींना घरी बसवलं असेल, त्याचा हिशेब शासनाने कधीतरी मांडावा.

आणि हे कोणी आपल्याला आणून देणार नाही. विद्यापीठाचा सध्याचा पंचवार्षिक आराखडा २०२४ ते २०२९ चा आहे. पुढचा होईल तेव्हा आपण खोलीच्या बाहेर असता कामा नये. त्याच्या आत दरवर्षीचा वार्षिक आराखडा आहेच. प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती आहे. तुमच्या जवळच्या महाविद्यालयात जा, समितीवर कोण आहेत त्यांची नावं विचारा. सांगत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका. समितीतल्या समाजसेवेच्या जागेवर बाई नसेल तर का नाही म्हणून विचारा. असेल तर तिच्या घरी जा, तिला एकटी पाडू नका. मी एकटी होते, म्हणून सांगते. बारा-पंधरा माणसांत एकटीने तोंड उघडलं की आवाज आपोआप बारीक होतो. बाहेर ओट्यावर दहा पोरी बसलेल्या असत्या, तर माझा आवाज वेगळा निघाला असता.

आमचं ठरलंय. पुढच्या बैठकीला मी वही घेऊन जाणार आहे, आणि सोबत त्या मशीनवाल्या पोरीला आणि पॉलिहाऊसवालीला नेणार आहे. आत बसू देणार नाहीत, हे माहीत आहे. त्या दारात बसतील. वहीच्या दोन प्रती काढल्यात, एक विद्यापीठाच्या कुलसचिवांना टपालाने जाईल, पोचपावतीसकट. इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा' असं लिहिलं तर मी सही करणार नाही. लिहायचंच असेल तर काय चर्चा झाली ते लिहा, कोण काय बोललं ते लिहा.

अध्यक्ष पुन्हा म्हणतील, "ताई, पुढच्या वर्षी बघू."

माझ्या आळीतली पोर सव्वीस वर्षांची झाली. तिची किती पुढची वर्षं बघायची अजून? तुमच्या गावातही अशी वही करा, मैत्रिणींनो. काय निघालं ते आम्हाला कळवा.